पेशवाईचा रूट यूजर : नाना फडणवीस

नाना फडणवीस म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पेशवाईतले साडेतीन शहाणे आणि दुसरी म्हणजे घाशीराम कोतवाल हे नाटक. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमधून आलेल्यांना तिसरीही आठवते, इंग्रजी पुस्तकात त्यांच्या नावाला चिकटवलेलं मराठ्यांचा मॅकियाव्हेली हे बिरुद. दोन मार्कांचा प्रश्न म्हणून आम्ही ते पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिलं. हा माणूस नक्की करायचा काय, हे कुणी विचारलंही नाही.

या वर्षी ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला फाइल परमिशनचा धडा होता. त्याच सुमारास हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये नानांचं एक जुनं चरित्र हाताला लागलं. मराठी वाचायला मला जरा वेळच लागतो, पण हे पुस्तक खाली ठेववेना. कारण धडा आणि चरित्र एकच गोष्ट सांगत होते. कुठला कागद कुणी पाहायचा, त्यात कुणी लिहायचं, कुणाच्या नावाने हुकूम चालायचा, या तीन प्रश्नांवर नानांनी आयुष्यभर राज्य केलं. तेही स्वतः कधी तलवार न गाजवता. म्हणून तर साडेतीन शहाण्यांत ते अर्धे!

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी आधी थोडक्यात धडा सांगते. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलच्या दृष्टीने जगाचे तीन भाग पडतात: मालक, ग्रुप आणि बाकीचे. प्रत्येकाला तीन हक्क देता येतात. वाचणे, लिहिणे आणि चालवणे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि बेरीज करायची. ६४० म्हणजे मालक वाचेल आणि लिहील, ग्रुप नुसतं वाचेल, बाकीच्यांनी दारातही उभं राहायचं नाही. ७७७ म्हणजे सगळ्यांना मोकळं रान. विंडोजची पद्धत वेगळी. तिथे फाइलला नावानिशी यादी लावलेली असते, अमक्याला हे चालेल, तमक्याला ते चालणार नाही, आणि वरच्या फोल्डरचे नियम खालच्यांना वारशाने मिळतात. मॅकमध्ये युनिक्सचे बिट आहेत आणि वर यादीही लावता येते. या सगळ्यांच्या वर एक जण असतो. युनिक्समध्ये त्याला रूट म्हणतात. त्याला हे नियम अडवत नाहीत. झाला धडा. आता नानांकडे वळू.

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्याचा. घराणं मूळचं वेळासचं, बाणकोटच्या खाडीजवळचं. कासवं बघायला आपल्याकडची मुलं जातात ना, तेच वेळास. नानांचे आजोबा बाळाजी महादजी हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर कोकणातून घाटावर गेले. १७१९ मध्ये दिल्लीत दंगल उसळली तेव्हा पेशव्यांचा जीव वाचवताना ते मारले गेले असं सांगतात. पुढे फडणिशी भानूंच्या घरात वंशपरंपरेने राहिली. फर्द म्हणजे कागदाचा ताव आणि नवीस म्हणजे लिहिणारा, त्यावरून फडणवीस. म्हणजे मुळात हे पद सरदारकीचं नाही, कागद सांभाळणाऱ्याचं आहे.

१७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या नानांकडे घराण्याचं काम आलं. चौदाव्या वर्षी आपण आठवी-नववीत भूमितीची प्रमेयं घोकत होतो! मुलगा अंगाने किरकोळ, देवभोळा आणि पुस्तकात रमणारा. १७६१ मध्ये तो सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर पानिपतावर होता. बरोबर आई आणि बायको, कारण लढाईबरोबर तीर्थयात्राही होईल असा तेव्हाच्या पुष्कळांचा हिशोब. १४ जानेवारीला सगळं संपलं. नाना वेष पालटून, पायी, उपाशीपोटी निसटले. बायको नंतर सुखरूप सापडली, आई कायमची गेली. तेव्हा नानांना एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे त्यांनी स्वतःच्या आयुष्याची एक छोटी हकीकत लिहिली, ती पानिपतानंतर थोडीशी पुढे जाते आणि थांबते. मला वाटतं, त्या दिवसानंतर त्यांचा फौजेवरचा विश्वास उडाला आणि कागदावरचा वाढला. हे माझं मत आहे, इतिहासकारांचं नाही.

थोरल्या माधवरावांच्या काळात नाना पुण्याच्या दफ्तरात मुरले. हे हुजूर दफ्तर म्हणजे त्या काळचं डेटा सेंटरच. दोनशेच्या आसपास कारकून, मोडी लिपी, बोरूची लेखणी आणि कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. एक चालतं दफ्तर. त्यात फडावर रोजचे हुकूम आणि सनदा तयार व्हायच्या, येणाऱ्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज म्हणजे बेहडा बांधला जायचा, सरदारांच्या सरंजामाचा हिशोब राहायचा. दुसरं एलबेरीज दफ्तर. ते पुण्यातच कायम असायचं. तिथे गावोगावचे हिशोब येऊन त्यांचे गोषवारे निघायचे. आपल्या भाषेत एक रोजची वर्किंग डिरेक्टरी आणि दुसरी आर्काइव्ह. नानांनी या सगळ्याला जी शिस्त लावली तिचं कौतुक पुढे इंग्रजांनीसुद्धा केलं. पत्र कसं संपवायचं याचाही नियम होता. मजकूर संपला की शेवटी मोर्तब उमटायची. मोर्तबीच्या खाली कुणी ओळ वाढवली तर ती खोटी, हे बघताक्षणी कळायचं.

पण शिक्का फक्त शेवटाला राखतो, मधल्या अक्षराला नाही. इथे पेशवाईतली सगळ्यात प्रसिद्ध फाइल येते. ३० ऑगस्ट १७७३ ला गणेशोत्सवात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. लोक सांगतात की रघुनाथरावांनी पुतण्याला धरावे असं लिहून दिलं होतं आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ध चा मा केला. ती चिठ्ठी आज कुणापाशी नाही, त्यामुळे अक्षर खरंच बदललं की नाही हे सिद्ध करता येत नाही. तरी अडीचशे वर्षं ही गोष्ट मराठी माणसाच्या जिभेवर टिकली, कारण ती खरी भीती सांगते. लिहिण्याचा हक्क अर्धा देता येत नाही. ज्याला फाइलमध्ये लिहिता येतं त्याला एक स्वल्पविराम बदलता येतो आणि एका माणसाचं मरणही लिहिता येतं. युनिक्सच्या साध्या बिटांना हा फरक कळत नाही. आणखी एक गोष्ट परीक्षेत हमखास फसवते. फाइल स्वतः वाचण्यापुरती असली तरी ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथे लिहिण्याचा हक्क असेल तर ती उडवून त्याच नावाची दुसरी ठेवता येते. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांच्या सामाईक डिरेक्टरीला स्टिकी बिट लावतात, मग ज्याची फाइल त्यालाच ती काढता येते. वाड्याच्या दरवाजांना असा बिट नव्हता.

खुनानंतर रघुनाथराव पेशवे झाले खरे, पण नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, नानांचे चुलतभाऊ मोरोबा अशी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी तिला पुरंदरावर सुरक्षित नेलं. हेच बारभाईंचं कारस्थान. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं आणवली. तेच सवाई माधवराव. आता फाइल बघा. नाव छत्रपतींचं, त्यांच्याखाली शिक्का पाळण्यातल्या पेशव्याचा, आणि लिहिण्याचा हक्क एका ग्रुपकडे. एकाच माणसाला रूट न करता ग्रुपला हक्क द्यायचा, ही कल्पना मला फार आवडली. ती पुढे टिकली असती तर हा लेख वेगळा झाला असता.

राज्य नवं आणि राजा तान्हा, म्हणजे ओळखीचा गोंधळ आलाच. १७७६ मध्ये रत्नागिरीहून एक जण उठला आणि मीच पानिपतावरचा सदाशिवरावभाऊ म्हणून सांगू लागला. लोक वेड लागल्यासारखे त्याच्या मागे गेले. कोकणातले किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती आले आणि तो चक्क आपल्या बोरघाटापर्यंत, राजमाचीपर्यंत पोचला. आपण पावसाळ्यात कोंदिवड्याहून चढतो तीच राजमाची. तिथून पुणं किती लांब? पुण्याच्या फौजेने त्याला घाटाखाली पिटाळलं, आंग्र्यांनी पकडलं, पुण्यात चौकशी होऊन तो कनोजी ब्राह्मण असल्याचं ठरलं आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. इतिहासात त्याला भाऊचा तोतया म्हणतात.

हे प्रकरण वाचताना मला लिनक्सची एक गंमत आठवली. लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितं. एका मशीनवर पहिल्या यूजरचा नंबर बहुधा १००० असतो, दुसऱ्या मशीनवरही तोच. तुमची लिनक्सने फॉरमॅट केलेली हार्डडिस्क रूममेटने आपल्या लॅपटॉपला लावली की त्या मशीनच्या मते मालक तोच! नंबर जुळला, माणूस कोण हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हक्क किती द्यायचे हा प्रश्न नंतरचा. समोरचा खरंच तो आहे का, हा आधीचा. किल्लेदारांनी चेहरा आणि नाव बघून दरवाजे उघडले. नानांनी साक्षीदार गोळा करून चौकशी बसवली.

बोरघाटाचा विषय निघाला आहे तर आपल्या खालापूर तालुक्याचंच सांगते. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेल्यावर मुंबईची फौज त्यांना गादीवर बसवायला निघाली. वाट एकच, पनवेल, खोपोली आणि वर बोरघाट. १७७९ च्या जानेवारीत ती फौज घाट चढून तळेगावापर्यंत गेली आणि मराठ्यांनी दाणावैरण तोडून तिला वडगावला तह करायला लावलं. १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने पुन्हा बोरघाट घेतला. पण वर पुण्याला जाता येईना आणि खाली पनवेलशी संपर्क राहीना. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि होळकरांच्या फौजांनी त्याला एप्रिलमध्ये मोठं नुकसान सोसून पनवेलकडे परतायला लावलं. आपण ज्या रस्त्याने शनिवारी घरी जातो त्याच रस्त्यावर हे घडलं. घाटाच्या तोंडावर परवानगी नाकारली की पुढे फौज कितीही मोठी असो, काही चालत नाही. युनिक्समध्येही असंच आहे. आतली फाइल ७७७ असली तरी वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीचा एक्झिक्यूट बिट काढला की तुम्ही तिथेच अडकलात.

पुढे १७ मे १७८२ ला सालबाईला तह ठरला. महादजी शिंद्यांनी तो घडवून आणला होता, पण नानांनी मान्यतेचा शिक्का लगेच दिला नाही. म्हैसूरचा हैदर अली अजून इंग्रजांशी लढत होता, तोवर घाई कशाला? डिसेंबरात हैदर वारला आणि मगच नानांनी तहाला मान्यता दिली. एक सही सात महिने अडवून धरणं हेसुद्धा शस्त्र असतं, हे आपल्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर फॉर्म घेऊन उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

खोपोली गावात वीरेश्वराचं देऊळ आणि मोठा तलाव आहे. ते नानांनी बांधवले. घाट चढायच्या आधी वाटसरूंना आणि बैलांना पाणी मिळावं, ही सोय. खांडसवरून भीमाशंकरला ट्रेक करणाऱ्यांनी तिथल्या देवळाचं शिखर पाहिलं असेल, तेही नानांच्या नावावर सांगतात. मी खोपोलीच्या तलावावर दोन-तीनदा गेले आहे. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं बसलेली असतात, पोरं खेळत असतात आणि वर घाटात गाड्यांचे दिवे लुकलुकतात. ज्या माणसाने आयुष्यभर कागद कुलपात ठेवले त्याने पाणी मात्र असं उघड्यावर ठेवलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता अवघड भाग. बारभाईंचा ग्रुप हळूहळू रिकामा होत गेला. मोरोबांनी १७७८ मध्ये रघुनाथरावांच्या बाजूने डाव टाकला, ते कैदेत गेले. सखारामबापूंवर संशय आला, १७७९ मध्ये त्यांनाही धरलं आणि रायगडावर कैदेतच त्यांचा अंत झाला. ज्यांच्यावर खरोखर कट केल्याचा आरोप होता त्यांना दूर करणं समजू शकतं. पण प्रत्येक वेळी एकेका नावाचा हक्क काढला गेला आणि त्याच्या जागी नवं नाव आलंच नाही. स्पष्ट बोलणारे रामशास्त्री प्रभुणे १७८९ मध्ये गेले. महादजी आणि हरिपंत दोघेही १७९४ मध्ये वारले. नानांना थांब म्हणू शकेल असा माणूस उरला नाही. ग्रुपच्या जागी फक्त मालक उरला, आणि तोही खरा मालक नव्हता.

याच काळात पुण्याचा कोतवाल होता घाशीराम. नाटकातल्या कल्पित गोष्टी बाजूला ठेवू, पण कोतवाल खरा होता आणि १७७७ पासून होता. शहराचा बंदोबस्त त्याच्याकडे. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला मनाई आणि सापडला तो कोठडीत. डेनिस रिचींनी युनिक्समध्ये सेटयूआयडी नावाचा एक बिट आणला. तो लावलेला प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी मालकाच्या ताकदीने चालतो. पासवर्ड बदलण्यासारख्या एका ठरावीक कामासाठी तो लागतोच. पण असा रूटच्या मालकीचा प्रोग्रॅम बिघडला तर तो रूटच्याच ताकदीने बिघडतो. घाशीराम असाच चालला. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले वीसहून अधिक तैलंग ब्राह्मण गुदमरून मेले. शहर पेटलं. शेवटी नानांना त्याला जमावाच्या हवाली करावं लागलं आणि लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. प्रोग्रॅम गेला. तो बिट कुणी लावला होता आणि चौदा वर्षं कुणी तपासलं कसं नाही, हा प्रश्न मात्र राहिला.

सगळ्यात जास्त अस्वस्थ मला सवाई माधवरावांनी केलं. हा मुलगा नानांच्या हाताखाली वाढला. शिक्षण, जेवण, फिरणं, भेटायला येणारी माणसं, सगळं ठरवून दिलेलं. नानांनी त्याच्यावर प्रेम केलं नाही असं कुणी म्हणत नाही, उलट त्याच्यासाठीच सगळं राज्य राखलं. पण तो मोठा झाला तरी हक्क मोठे झाले नाहीत. रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव तेव्हा जुन्नरला शिवनेरीवर नजरकैदेत होता. त्याच्या आणि सवाई माधवरावांच्या चोरून चिठ्ठ्या सुरू झाल्या. एकमेकांना कधी न भेटलेले दोन चुलते-पुतणे, दोघेही साधारण कॉलेजच्या वयाचे. नानांना पत्ता लागला. चिठ्ठ्या पोचवणारा बळवंतराव नागनाथ कैदेत गेला आणि पहारा आणखी कडक झाला.

२५ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. तापाच्या भरात तोल गेला की आणखी काही, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वय वर्षं एकवीस. माझ्याहून एका वर्षाने मोठे.

युनिक्समध्ये एक छोटा नियम आहे. तुमच्या फाइलची परमिशन कुणी ००० केली तर तुम्हाला ती वाचता येत नाही, लिहिता येत नाही. पण तुम्ही मालक असाल तर परमिशन पुन्हा बदलायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. मालक असण्याचा अर्थच तो. विंडोजमध्येही मालकाला आपल्या फाइलची यादी बदलता येते. सवाई माधवरावांच्या नावाने राज्यातला प्रत्येक कागद निघत होता आणि त्यांना हा एवढासुद्धा हक्क नव्हता. राज्याची सुरक्षितता नानांनी उत्तम सांभाळली. ज्याच्यासाठी सांभाळली त्यालाच त्यांनी बाकीच्यांमध्ये टाकलं.

त्यानंतर नानांची घडी विस्कटली. गादीवर कोण यावर वर्षभर डाव-प्रतिडाव झाले. नाना वाईला गेले, तिथून महाडला, आणि घाटाखाली बसून केवळ पत्रांच्या जोरावर त्यांनी पुण्याचं राजकारण फिरवलं. शेवटी ज्याला दूर ठेवण्यासाठी सगळा खटाटोप केला तोच दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पेशवा झाला. ३१ डिसेंबर १७९७ ला दौलतराव शिंद्यांच्या माणसाने नानांना दगा देऊन पकडलं. अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांनी काही महिने काढले. १७९८ मध्ये सुटून ते पुन्हा कारभारावर आले, पण आता ते थकले होते. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचा अंत झाला. वारस मुलगा नव्हता. मागे राहिली लहान वयाची पत्नी जिऊबाई. पुण्यातला इंग्रज वकील पामर याने कळवलं की मराठी राज्यातला शहाणपणा नानांबरोबरच गेला. शत्रूने दिलेलं हे सर्टिफिकेट अभिमानाने सांगतात. मला त्यात धोक्याची सूचनाही दिसते. एका माणसाबरोबर सगळा शहाणपणा जाऊ शकत असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या हाती दिलाच नव्हता. पावणेतीन वर्षांत वसईचा तह झाला आणि १८१८ मध्ये राज्य गेलं.

विंडोजमध्ये एखादा यूजर डिलीट झाला की त्याच्या फाइलवर नावाऐवजी एक लांबलचक आकडा दिसायला लागतो. फाइल असते, मालक नसतो. मग ॲडमिनिस्ट्रेटर येतो आणि टेक ओनरशिपचं बटण दाबतो. १८१८ मध्ये तेच झालं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दुर्लक्षित झालेलं दफ्तर इंग्रजांनी ताब्यात घेतलं. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं हे ठरवायला तेच कागद त्यांनी वापरले आणि कित्येकांच्या जमिनी त्यावर राहिल्या किंवा गेल्या. आपल्या लोकांना मात्र ते सहजासहजी बघता येईनात. न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीने पेशव्यांच्या रोजनिशांतले उतारे निघाले. राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरचे, कोनाड्यातले कागद जमवले. हुजूर दफ्तर खऱ्या अर्थाने उघडलं ते गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले तेव्हा. एका फाइलचा वाचण्याचा बिट लागायला शंभराहून जास्त वर्षं! नानांचे खासगी कागद वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात होते, म्हणजे त्यांची होम डिरेक्टरीच. ते पुढे पारसनिसांच्या हाती लागले म्हणून आपल्याला नाना कळले.

पुण्याच्या पुराभिलेखागारात आज हे हजारो रुमाल आहेत आणि अभ्यासकांना ते बघता येतात. पण मोडी वाचणारे थोडे आहेत. परमिशन मिळाली, फॉरमॅट उघडत नाही. आपल्या हॉस्टेलमधल्या कुणाला सुट्टीत काही वेगळं शिकायचं असेल तर मोडी शिका असं मी नक्की सुचवेन.

नाना मोठे होते यात शंका नाही. पानिपतानंतर मोडलेलं राज्य त्यांनी पंचवीस वर्षं इंग्रजांना हात लावू दिलं नाही, ते फौजेपेक्षा कागदाच्या शिस्तीवर. त्यांच्यावर रागावण्याइतकी माझी पात्रताही नाही. पण उद्या आपल्यातलं कुणी बँकेचे, कुणी हॉस्पिटलचे, कुणी सरकारी कचेरीचे सर्व्हर सांभाळणार आहे. तिथेही कागदावर मालक एक असेल आणि चाव्या दुसऱ्याच्या कमरेला. तेव्हा नानांकडून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. परमिशन देताना त्यांच्यासारखं काटेकोर असावं, आणि ज्याची फाइल आहे तो एकवीस वर्षांचा झाला की त्याची चावी त्याला द्यावी.